कमावलेली मान

१९५५ च्या जानेवारीत ब्युनोस आयर्सला झालेल्या फॉर्म्युला वन ग्रां प्री शर्यतीचा निकाल आज वाचला तर छपाईची चूक वाटावी. दुसऱ्या क्रमांकाच्या फेरारीपुढे तीन ड्रायव्हरांची नावं आहेत : गोन्सालेस, फारिना, त्रँतिन्यां. तिसऱ्या क्रमांकाच्या फेरारीपुढेही तीनच, आणि त्यांतली दोन पुन्हा फारिना आणि त्रँतिन्यां. चौथ्या क्रमांकाच्या मर्सिडीजमध्येही तिघं आलटून पालटून बसले. कारण होतं ऊन. दक्षिण गोलार्धातला ऐन उन्हाळा, हवेचं तापमान चाळिशीला टेकलेलं, डांबराचं पन्नाशीच्या पुढे. ड्रायव्हर गाडी पिटमध्ये आणून उतरत, डोक्यावर पाणी ओतून घेत, आणि त्यातल्या त्यात जो शुद्धीवर असेल तो पुढच्या फेऱ्या मारायला बसे. गाडी अशी वाटून घेणं तेव्हा नियमात बसत होतं. स्टर्लिंग मॉस गाडी बंद पडल्यावर ट्रॅकच्या कडेला आडवा झाला, तर उन्हाने कोसळला असं समजून लोकांनी त्याला रुग्णवाहिकेत घातलं. तिथून सुटका करून घेऊन तो परतला आणि दुसऱ्याच्या गाडीत बसला.

९६ फेऱ्या, तीन तासांहून किंचित अधिक वेळ, एकट्याने गाडी हाकणारे दोघेच निघाले. पाचवा आलेला रॉबेर्तो मिएरेस आणि पहिला आलेला हुआन मान्वेल फांजिओ. दोघेही अर्जेंटिनाचेच, उन्हाला सरावलेले. फांजिओ तेव्हा ४३ वर्षांचा होता. एग्झॉस्टच्या धगीने तापलेल्या नळीला लागून त्याचा पाय भाजत होता, तरी तो थांबला नाही.

फांजिओने ही ताकद कुठून आणली? ड्रायव्हरबरोबर प्रशिक्षक हिंडण्याचे ते दिवस नव्हते. तो बाल्कार्से गावचा मेकॅनिक, तरुणपणी फुटबॉल खेळलेला. युरोपात येण्याआधी दक्षिण अमेरिकेतल्या कच्च्या रस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती त्याने पुष्कळ मारल्या होत्या. १९४० ची ब्युनोस आयर्स ते लिमा आणि परत ही शर्यतच साडेनऊ हजार किलोमीटरच्या घरातली. ती त्याने जिंकली. गाडी चालवून चालवूनच शरीर तयार व्हायचं, वेगळा व्यायाम असा नव्हता. आणि गाड्यांनाही तशीच माणसं लागत. स्टिअरिंगचं चाक परातीएवढं मोठं आणि जड, टायर अरुंद, ड्रायव्हर खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसलेला. अशा गाडीला रुंद खांदे आणि जाड दंड मानवत. फेरारीला विश्वविजेतेपदाच्या शर्यतीतला पहिला विजय १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला मिळवून दिला तो होसे फ्रॉइलान गोन्सालेसने. त्याचा देह असा की लोक त्याला ‘पम्पासचा बैल’ म्हणत.

दमसासाच्या बाबतीत त्या पिढीकडे दुसरेही उपाय होते, आणि ते कोणी फारसे लपवत नसे. १९५५ च्याच मे महिन्यात मॉसने इटलीतली मिल्ये मिल्या ही सुमारे १,६०० किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. सुरुवातीआधी फांजिओने त्याला एक गोळी दिली होती आणि ती आपण घेतली, हे मॉसने पुढे मोकळेपणाने सांगितलं. शर्यत संपल्यावर तो झोपला नाही, रातोरात गाडी काढून जर्मनीकडे निघाला. गोळीत काय होतं याची चौकशी करणारं कोणी तेव्हा नव्हतं.

साठच्या दशकात ड्रायव्हर आडवा झाला. लोटसचा कर्ता कॉलिन चॅपमन याने १९६२ मध्ये काढलेल्या लोटस २५ मध्ये हवा कमी अडावी म्हणून ड्रायव्हर जवळजवळ उताणा निजवला होता, आणि जिम क्लार्कसारखा सडपातळ माणूस त्यात शोभून दिसे. बैलांचे दिवस संपले. तरी व्यायाम हा ज्याच्या त्याच्या आवडीचाच मामला राहिला. ग्रॅहम हिल लंडनच्या रोइंग क्लबात वल्ही मारून तयार झाला होता आणि क्लबाचे रंग हेल्मेटवर मिरवत होता. पुढे सत्तरच्या दशकात जेम्स हंट आला. सिगरेट, बिअर आणि बायका यांसाठी तो इतका गाजला की हा माणूस नियमाने धावायचा आणि चांगलं स्क्वॉश खेळायचा, हे लोक विसरूनच गेले. ऐषबाज ड्रायव्हरचं ते चित्र वर्तमानपत्रांना आवडायचं, म्हणून टिकलं.

ते चित्र मोडलं त्याला गाडी कारणीभूत झाली. १९७७ च्या लोटस ७८ ने आणि पुढच्याच वर्षीच्या ७९ ने गाडीच्या पोटाखालून हवा अशा रीतीने नेली की गाडी जमिनीला चिकटून बसू लागली. ‘ग्राउंड इफेक्ट’ म्हणतात तो हाच. वळणावर जिथे आधी वेग कमी करावा लागे तिथून गाड्या सुसाट जाऊ लागल्या. गाडी चिकटली, ड्रायव्हरचं डोकं मात्र मोकळंच होतं. ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला ओढलं जाई आणि परत सरळ आणायला मान पुरत नसे. काहींनी हेल्मेटला पट्टा बांधून तो काखेखाली अडकवला. त्यातून बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरणारे, म्हणजे मानेची एकच बाजू तयार झालेली. उलट्या दिशेचा ट्रॅक आला की हाल. ऑक्टोबर १९८१ मध्ये लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस कॅसिनोच्या वाहनतळावर आखलेला ट्रॅक तसाच उलटा होता. नेल्सन पिकेट तिथे पाचवा आला आणि एका गुणाने विश्वविजेता झाला, पण हेल्मेटमध्ये ओकून, गाडीतून उचलून काढण्याच्या अवस्थेत. पुढच्या मार्चमध्ये रिओला तो पहिला आला आणि विजेत्यांच्या चौथऱ्यावरच बेशुद्ध पडला. तो विजयही नंतर गाडीच्या वजनाच्या वादात काढून घेण्यात आला.

१९८३ पासून गाडीचं पोट सपाट ठेवण्याची सक्ती झाली, पण टर्बो इंजिनं आणि उकाडा होताच. जुलै १९८४ मध्ये डॅलसला चाळीस अंशांत नायजेल मॅन्सेल बंद पडलेली लोटस ढकलत समाप्तीच्या रेषेपर्यंत नेता नेता कोसळला. जिंकला केके रोझबर्ग. सिगरेटी ओढणाऱ्या या गृहस्थाने हेल्मेटखाली पाणी खेळवलेली टोपी घातली होती. व्यायामाच्या भक्तांना ही शर्यत आठवायला आवडत नसावी.

अशा काळात विली डुंगल या माणसाचं महत्त्व कळतं. डुंगल व्हिएन्नाचा. ऑस्ट्रियाच्या स्की-जंपिंग संघाबरोबर त्याने काम केलेलं. मालिश, आहार, व्यायाम आणि झोप या चारही गोष्टी तो एकत्र पाही, आणि बोलायला फटकळ होता. १९७६ च्या वसंतात निकी लाउडा हा ड्रायव्हर आपल्या घराच्या आवारात ट्रॅक्टर चालवताना ट्रॅक्टरखाली सापडला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा डुंगल त्याच्या आयुष्यात आला. काही दिवसांतच लाउडा स्पेनच्या शर्यतीत उतरला आणि हंटच्या मागोमाग दुसरा आला. खरी परीक्षा पुढेच होती. १ ऑगस्टला न्युर्बर्गरिंगवर लाउडाची गाडी पेटली. चेहरा भाजला, धुराने फुप्फुसं निकामी व्हायला आली, पाद्री मरणासन्न माणसासाठीची अखेरची प्रार्थना म्हणून गेला. १२ सप्टेंबरला, म्हणजे ४२ दिवसांनी, तोच लाउडा मोंझाला गाडीत बसला आणि चौथा आला. हेल्मेट काढलं तेव्हा पट्ट्या रक्ताने भिजल्या होत्या. डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला. त्याला पुन्हा ड्रायव्हर केलं ते डुंगलने.

१९७९ मध्ये लाउडाने शर्यती सोडल्या, आणि १९८२ मध्ये मॅक्लॅरेनकडून परत यायचं ठरवलं तेव्हा पुन्हा डुंगलकडेच गेला. मधल्या काळात गाड्या बदलल्या होत्या, मानेवरचा भार वाढला होता. परतल्यावर तिसरीच शर्यत, लाँग बीचची, त्याने जिंकली, आणि १९८४ मध्ये अर्ध्या गुणाने विश्वविजेतेपद. ड्रायव्हर स्वतःच्या पैशाने, शर्यतीसाठी म्हणून, शरीरासाठी माणूस ठेवतो, ही रीत खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. डुंगलच्या हाताखाली तयार झालेला योझेफ लेबरर १९८८ मध्ये मॅक्लॅरेनकडे आला. संघाचे दोन ड्रायव्हर, प्रॉस्ट आणि सेना, एकमेकांशी बोलेनासे झाले तरी दोघांच्याही पाठी तोच चोळत होता आणि दोघांचंही जेवण तोच पाहत होता.

आयर्टन सेनाची गोष्ट तर सगळ्यांनी पाहिलेली. एप्रिल १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला त्याने आपल्या दुसऱ्याच शर्यतीत सहावा येऊन पहिला गुण मिळवला, पण गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरू शकला नाही. गाडीचं नाक तुटल्याने स्टिअरिंग जड झालं होतं आणि २४ वर्षांच्या त्या काटकुळ्या पोराचं अंग पेटक्यांनी धरलं होतं. ब्राझीलला परतून त्याने नूनो कोब्रा या व्यायाम प्रशिक्षकाला गाठलं. कोब्राचा भर वजनं उचलण्यापेक्षा धावण्यावर, श्वासावर आणि नाडीचे ठोके ताब्यात ठेवण्यावर होता. सेना भर दुपारी, मुद्दाम उन्हात धावत असे. काही वर्षांत तो मैदानातल्या सर्वांत तयार ड्रायव्हरांत गणला जाऊ लागला.

आणि तरी मार्च १९९१ मध्ये इंटरलागोसला काय झालं, ते या सगळ्या तयारीची हद्द दाखवतं. शेवटच्या फेऱ्यांत गिअरबॉक्स निकामी होत होत एकटा सहावा गिअर उरला. मंद वळणांवरही सहाव्यातच, इंजिन बंद पडू न देता, पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी त्याने नुसत्या खांद्यांच्या जोरावर ओढली आणि घरच्या मैदानावरचा पहिला विजय तीन सेकंदांच्या आतल्या फरकाने मिळवला. गाडी थांबली तेव्हा खांद्यांचे स्नायू आखडून दगड झाले होते. त्याला धरून उतरवावं लागलं. चषक डोक्यावर उचलायचा तर दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि चेहऱ्यावरची कळ साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिली.

आपल्याकडे केबलवर फॉर्म्युला वन दिसू लागलं त्या सुमारास मिशाएल शूमाखर पुढे आला, आणि प्रेक्षकांना दिसलं ते उलटं चित्र. दीड तासाची शर्यत मारून चौथऱ्यावर उभा असलेला हा माणूस जणू आत्ताच आंघोळ करून आला आहे; शेजारचे दोघे घामाने निथळताहेत. १९९४ पासून शर्यतीत पेट्रोल भरायला पुन्हा परवानगी मिळाली होती. गाड्या थोड्या पेट्रोलवर, हलक्या होऊन, पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत पूर्ण वेगात पळत. आधीसारखं पेट्रोल वाचवत मध्येच दम खायला फुरसत उरली नव्हती. शूमाखरने नेमकं हे ओळखलं आणि धावणं, सायकल, वजनं, मानेचे व्यायाम यांचं वर्षभराचं वेळापत्रकच बांधलं. फेरारीच्या काळात त्याच्या अंगमालिशीची आणि ताटाची काळजी घेणारा होता बलबीर सिंग, भारतीय वंशाचा फिजिओथेरपिस्ट. दुसरीकडे मॅक्लॅरेनमध्ये मिका हॅकिनेनच्या दिमतीला फिनलंडचा डॉक्टर अकी हिन्त्सा आला. तो आधी इथिओपियात मिशनरी डॉक्टर होता आणि तिथे हैले गेब्रसेलासीसारख्या धावपटूंना जवळून पाहून त्याने आपली पद्धत बसवली होती. हिन्त्सा २०१६ मध्ये वारला, पण त्याच्या संस्थेत तयार झालेले प्रशिक्षक आज कित्येक ड्रायव्हरांबरोबर फिरतात.

अमेरिकेत नॅस्कारच्या गाड्यांत मार्क मार्टिनने हाच व्यायामाचा मार्ग धरला, तोही सहकारी चेष्टा करत असताना. १९९० च्या दशकात त्याने ड्रायव्हरांसाठी वजनाच्या व्यायामावर एक पुस्तकही सहलेखनातून काढलं. २००९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्याने एका हंगामात पाच शर्यती जिंकल्या. चेष्टेचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको.

मानेचा व्यायाम प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहण्यासारखं असतं. ड्रायव्हर बाकावर गाडीत बसल्यासारखा अर्धवट रेलून बसतो. डोक्यावर हेल्मेट किंवा पट्ट्यांची टोपी, तिला कानाच्या वर जाड रबरी पट्टा. प्रशिक्षक बाजूला उभा राहून पट्टा ओढतो आणि ड्रायव्हरने डोकं रेसभरही हलू द्यायचं नाही. हातात वजनाचं चाक देऊन ते त्याच वेळी फिरवायला लावतात. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा-सात किलो. वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर आला की ते तिसेक किलोंचं होतं, आणि असं फेरीत कित्येकदा. कुस्तीच्या तालमीत पैलवान मानेचा पूल बांधून जी मान कमावतो तिच्याशी हिचं नातं आहे. पैलवानाचं वजन मात्र इथे चालत नाही. फर्नांडो अलोन्सोने तर एकदा कॅमेऱ्यासमोर मान आणि खांदा यांच्यामध्ये अक्रोड दाबून फोडून दाखवला होता. एवढं करूनही हिवाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या सरावाला सगळ्यांच्या माना दुखतातच. गाडी जो भार देते तो व्यायामशाळेत पुरता मिळत नाही.

हातांचं काम दरम्यान हलकं झालं होतं. १९८९ मध्ये फेरारीने चाकामागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायची सोय आणली, तळहाताचे फोड गेले. नव्वदच्या दशकात पॉवर स्टिअरिंग आलं. पायांचं काम मात्र राहिलं. ब्रेकला मदत करणारी यंत्रणा नियमाने बंद, म्हणून पेडलवर शंभर किलोंच्या वर दाब डाव्या पायाने द्यायचा आणि लगेच तोलून तोलून कमी करायचा. खालच्या वर्गांत, फॉर्म्युला टूमध्ये, आजही पॉवर स्टिअरिंग नाही. फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने २०११ मध्ये घेतलेल्या निवड चाचणीतून पुढे आलेला मुंबईचा जेहान दारूवाला त्या वर्गात चार हंगाम खेळून शर्यती जिंकला, तो अशाच जड गाडीत. अमेरिकेच्या इंडी मालिकांतही तेच. डब्ल्यू सिरीज ही फक्त महिलांची मालिका तीनदा जिंकलेल्या जेमी चॅडविकने तिकडे जाऊन खांद्या-दंडांची ताकद वाढवली आणि जून २०२४ मध्ये रोड अमेरिका ट्रॅकवर इंडी एनएक्सटीची शर्यत जिंकली. मुलींना या खेळात पुढे येऊ न देणाऱ्या गोष्टींत खालच्या वर्गांतलं हे जड स्टिअरिंग एक आहे, हे ती उघड बोलत आली आहे. सर्वांत वरच्या गाडीत जी अडचण नाही ती खालच्या पायरीवर ठेवण्यात शहाणपण काय, याचं पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

मग वजनकाटा आला. गाडीचं किमान वजन ड्रायव्हरसकट धरायचं असं १९९५ पासून ठरलं. २०१४ मध्ये बॅटऱ्यांसकट जड हायब्रिड इंजिनं आली, किमान वजन ६९० किलोंच्या आसपास ठेवलं, आणि ते गाठणं संघांना जड जाऊ लागलं. गाडीतून काही काढता येईना, तेव्हा माणसातून काढलं. उंच ड्रायव्हर उपाशी राहू लागले. आड्रियान सुटिलने गाडीतली पाण्याची बाटलीच काढून टाकली. जाँ-एरिक व्हेर्न्य अशक्तपणाने रुग्णालयात दाखल झाला. निको रोझबर्गने २०१६ मध्ये हेल्मेटवरचा रंग काढून ८० ग्रॅम वाचवले आणि मांड्यांचे स्नायू झडावेत म्हणून आवडीची सायकल सोडली. त्याने एक किलो कमी झाला. त्यानंतर जपानला पात्रता फेरीत त्याने ०.०१३ सेकंदाच्या फरकाने पहिलं स्थान घेतलं आणि त्याच वर्षी विश्वविजेता झाला. चाळीस वर्षं जे स्नायू कमावायला शिकवलं ते आता हिशेबाने झडवायचे होते. २०१९ मध्ये नियम बदलला : ड्रायव्हर आणि त्याची सीट मिळून किमान ८० किलो, कमी पडलं तर तेवढं वजन सीटजवळ ठेवायचं. त्या हिवाळ्यात ड्रायव्हर पुन्हा पोटभर जेवले आणि व्यायामशाळेत परतले.

८ ऑक्टोबर २०२३ ला कतारमध्ये रात्रीच्या शर्यतीतही जुनंच दुखणं वर आलं. टायरच्या सुरक्षिततेसाठी एक संच १८ फेऱ्यांपुरताच वापरायचा असं आयत्या वेळी ठरलं होतं. टायर जपायची गरज उरली नाही, म्हणून सगळे ५७ फेऱ्या दात-ओठ खाऊन पळाले, दमट उकाड्यात. एस्तेबान ओकोन हेल्मेटमध्ये ओकला आणि तसाच चालवत राहिला. लोगन सार्जंटने गाडी सोडली. लान्स स्ट्रोल उतरल्यावर झोकांड्या खात रुग्णवाहिकेकडे गेला. हे सगळे पट्टीचे, वर्षभर तालीम केलेले लोक होते.

यावर आंतरराष्ट्रीय मोटर संघटनेने २०२५ पासून उष्म्याचा नियम केला. दमटपणा धरून काढलेला उष्णतेचा निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाणार असेल तर गाडीत थंडाव्याची यंत्रणा बसवायची. ड्रायव्हरच्या आगरोधक बनियनला बारीक नळ्या शिवलेल्या, त्यांतून गार द्रव फिरतो. त्या वर्षी ऑक्टोबरात सिंगापूरला हा नियम पहिल्यांदा लागू झाला. काही ड्रायव्हरांना नळ्या पट्ट्यांखाली टोचतात म्हणून बनियन नको होतं. त्यांना सूट मिळाली, पण बनियन न घालणाऱ्याचा फायदा होऊ नये म्हणून त्याच्या गाडीत अर्धा किलो जादा वजन ठेवण्यात आलं.